साइनसाठी टेलर पुरे, की सहगुणक बदलायला शिकवायचं?

शेषपद: पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये टेलर श्रेणी (फलन एका बिंदूपाशी जुळवून क्ष च्या घातांच्या बेरजेत लिहिणं) झाली की बहुपदीचा विषय संपतो, आणि हे मला पटत नाही. साइन क्ष घ्या, कोन रेडियनमध्ये. क्ष − क्ष^३/६ + क्ष^५/१२० ही बहुपदी शून्याजवळ उत्तम चालते, पण क्ष = पाय/२ ला १.००४५ देते. म्हणजे टोकाला ०.००४५ ची चूक. आता पदं तीच ठेवा, फक्त सहगुणक, म्हणजे क्ष च्या घातांपुढचे आकडे, बदला: ०.९९९८९ क्ष − ०.१६५९६ क्ष^३ + ०.००७६०३ क्ष^५. उणे पाय/२ ते पाय/२ या पट्ट्यात चूक कुठेही ०.०००१२ च्या वर जात नाही. गुणाकार तेवढेच आणि चूक सुमारे चाळिसाव्या हिश्श्यावर. टेलर सगळी अचूकता एका बिंदूपाशी ओततो. रशियन गणिती चेबिशेव्हचा विचार चूक पट्टाभर सारखी पसरवतो. हे शिकवायलाच हवं.

लोलक: असहमत. तुमच्या बहुपदीत क्ष चा सहगुणक १ नाही. क्ष = ०.००१ घातला तर उत्तर ०.०००९९९८९ येतं, तिथे टेलरची चूक दिसतसुद्धा नाही. लहान कोनात साइन म्हणजे कोनच, यावर लोलकाचं सगळं गणित उभं आहे आणि तुम्ही तेच मोडलंत. शिवाय टेलरमध्ये पुढचं पद जोडलं तरी आधीचे सहगुणक हलत नाहीत, आणि चूक क्ष^७/५०४० च्या आत आहे हे कागदावर दोन ओळींत कळतं. तुमचे आकडे आले कुठून, हे विद्यार्थी हाताने कसं काढणार?

शेषपद: पहिला सहगुणक १ च हवा असेल तर तो धरून बाकीचे दोन बसवा: क्ष − ०.१६६०५ क्ष^३ + ०.००७६१ क्ष^५. सापेक्ष चूक ०.०००२ च्या आत राहते, लोलकही शाबूत. हाताने काढणं जड आहे हे मान्य. पण कुठे किती चूक येते याचा आलेख काढून ती कुठे फुगते ते पाहणं जड नाही.

घातांक: दोघंही पट्टा आधीच लहान धरून बोलताय, खरी फजिती त्याच्या बाहेर होते. ई^(−२०) थेट टेलरने काढा. श्रेणी अभिसारी आहे, म्हणजे बेरीज खऱ्या उत्तराकडे जाते, पण मधली पदं ४.३ कोटींपर्यंत चढतात आणि मग एकमेकांना कापतात. सोळा अंकी आकडेमोडीत त्या पदांच्या गोलाईची चूक साधारण १०^(−९) ची, आणि खरं उत्तर २.०६ × १०^(−९). हाती एकही भरवशाचा अंक उरत नाही. ई^२० काढून व्यस्त घ्या, किंवा घातांकातून लॉग २ (नैसर्गिक लॉग, पाया ई) च्या पटी आधी वजा करा. उरलेला भाग ०.३५ च्या आत येतो, मग तिथे टेलर काय नि चेबिशेव्ह काय, थोड्या पदांत काम होतं. लॉग २ चंही तेच. लॉग(१+क्ष) मध्ये क्ष = १ घालून हजार पदं मोजली तरी चूक ०.०००५. तेच लॉग २ = २(१/३ + १/८१ + १/१२१५ + …) असं लिहिलं की चार पदांत ०.६९३१३ येतं.

लोलक: हे पटलं. आणि १/(१+क्ष²) ची श्रेणी क्ष = १ पाशी का अडते, वास्तव रेषेवर फलन तर कुठेच बिघडत नाही, हा प्रश्न टेलरशिवाय कुणाला पडणारच नाही. कारण अधिक-उणे आय (−१ चं वर्गमूळ) या काल्पनिक बिंदूंवर आहे, तिथे छेद शून्य होतो. उलट "पट्टाभर बसवा" एवढंच सांगितलं तर पोरं समान अंतरावर बिंदू घेऊन बहुपदी ओवतील. १/(१+२५क्ष²) वर घात वाढवाल तशी ती −१ आणि १ जवळ उसळते, जर्मन गणिती रुंगेने १९०१ मध्येच दाखवलंय.

शेषपद: म्हणूनच बिंदू टोकांकडे दाट घ्यायचे, कोसाइनने पाडलेले. तिथे ही उसळी येत नाही. तेवढं एका तासात होतं.

घातांक: श्रेणी तोडली की उरलेल्याचं काय करायचं, हा विचार आपल्याकडे केरळचे गणिती माधव यांच्या परंपरेत आहेच. १ − १/३ + १/५ − … ही बेरीज पाय/४ कडे जाते. तिची ५० पदं घेऊन चौपट केली तर पायमध्ये ०.०२ ची चूक. चौपट करण्याआधी शेवटी न/(४न²+१) ही दुरुस्ती योग्य चिन्हासह जोडा, न म्हणजे घेतलेली पदं. चूक १०^(−९) च्या आत येते.

लोलक: सुंदर आहे, पण ती एका संख्येची दुरुस्ती झाली, पट्ट्याची नव्हे. शेषपद यांचा मुद्दा तिने सिद्ध होत नाही. एक तास जादा मिळाला तर मी तो पट्टा लहान करण्याला देईन.