अनुभव धागा: महायुद्धातली जीप चालती ठेवताना

दुसऱ्या महायुद्धातली वाहनं जपणारी, स्वयंसेवकांनीच चालवलेली छोटी संग्रहालयं ब्रिटन-अमेरिकेत आहेत. आपलं अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय सैन्याचं आहे. पण रविवारी जीपखाली शिरणारे इथेही आहेत, त्यांनी लिहावं. आठवणी नकोत. काय बिघडतं, का बिघडतं आणि मापं, एवढंच.

*

सुरुवात चाकापासून, कारण इथे जीव जातो. कॉम्बॅट रिम दोन अर्धुकांची असते. हबला धरणारे नट पाच आणि दोन अर्धुकं जोडणारे आठ. टायरमध्ये हवा असताना त्या आठांपैकी एकही सैल करायचा नाही, दाबानं अर्धुकं उडतात. आधी व्हॉल्व्हचा गाभा काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, मगच पाना लावा. परत बसवल्यावर हवा 35 पीएसआय (दाबाचं माप). डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. ते माहीत नसलेला नवा स्वयंसेवक लांब दांडी लावतो आणि स्टड (नट बसतो तो हबवरचा खिळा) तोडतो.

*

स्टार्टर रडतो म्हणून बॅटरी बदलणारे फार. गाडी 6 व्होल्टची आहे. तेवढ्याच कामाला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. बाजारातली 12 व्होल्टची बारीक केबल टाकली की स्टार्टरपर्यंत दम पोचतच नाही. निदान 50 चौरस मिमीची केबल हवी. अर्थच्या जागी, म्हणजे बॅटरीची तार चासीला जोडते तिथे, रंग खरवडून उघडं लोखंड करा. नव्या रंगाच्या गाडीत बिघाड बहुतेक इथेच सापडतो. बाकी फटींची मापं: डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट 0.020 इंच, स्पार्क प्लग 0.030, टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) थंड इंजिनावर 0.014. सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-3-4-2.

*

सुट्या भागांबद्दल. महिंद्रनं 1947 पासून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, त्यामुळे आपल्याकडे जुना माल मिळतो. पण डोळे मिटून घेऊ नका. सीजे-3बी या युद्धानंतरच्या जीपच्या एफ-134 इंजिनाचा बोअर-स्ट्रोक महायुद्धातल्या एल-134 इतकाच, मात्र त्याचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत. हेड गॅस्केट जुळत नाही.

याहून फसवा भाग ऑइल पंप. युद्धकाळच्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवायला टायमिंग चेन होती, नंतर गिअर आले. गिअरवर कॅमशाफ्ट उलट फिरतो. म्हणून दोघांचे पंप वेगळे. चुकीचा बसवलात तर ऑइल प्रेशर येणारच नाही. टायमिंग कव्हर उघडून काय आहे ते बघा, मगच पंप मागवा.

*

युद्धात हीच जीप विलीज आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी बनवली. आपली विलीज की फोर्ड, हा वाद घालण्याआधी रेडिएटरखाली वाका. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या यू सारखा असेल तर फोर्ड. फोर्डच्या बोल्टच्या डोक्यावर एफ छापलेला असतो. अर्थात ऐंशी वर्षांत इकडचे बोल्ट तिकडे गेलेत, तेव्हा एका बोल्टवरून निकाल देऊ नये.

*

ब्रेक. हायड्रॉलिक आहेत, पण सर्किट एकच. एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो. तो उभ्या गाडीसाठी आहे, धावत्या गाडीत ओढला तर सगळा मार प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शिअलवर येतो. तिथलं सील गळलं की तेलानं हँडब्रेकही निकामी, म्हणून उतारावर लाकडाचे ठोकळे लावाच.

बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीला डॉट 5, म्हणजे सिलिकॉनचं ब्रेक तेल बरं. ओल शोषत नाही, रंग उडवत नाही. डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळू मात्र नका. आधी जुनं सगळं काढा, रबरं नवी टाका. (डॉट 5.1 सिलिकॉन नाही. नावानं गंडवलंय खरं.) ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टस धरूनच चाला. ड्रमवर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसा.

*

इथेनॉलच्या पेट्रोलमुळे गाडीच्या इंधन पंपाचा जुना डायफ्राम (रबरी पडदा) आणि रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. व्हिटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या घाला. टाकी चालकाच्या सीटखाली आहे, त्यामुळे गळतीचा वास म्हणजे नुसता वास समजू नका. दोन-तीन महिने गाडी हलणार नसेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरचा बाऊल रिकामा करून ठेवा.

*

रंगाचं एकच. बॉनेट थेट सँडब्लास्टला (वाळूच्या माऱ्यानं रंग काढायला) देऊ नका. 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळू घासा, थराखाली सैन्याचा मूळ नोंदणी क्रमांक निघू शकतो. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात हे आकडे पांढरे नव्हते, निळसर होते. घाईत घासलं तर कळायच्या आत जातात. आणि मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असतं.