जुनं घर जपणं म्हणजे नवंकोरं करणं नव्हे

काही जण म्हणतात की व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं घर जपायचं तर सगळा वॉलपेपर काढून नवा लावा, पॉलिश मारा, नाहीतर कळकट दिसतं. मला नाही पटत. लंडनमध्ये केन्सिंग्टनला १८ स्टॅफर्ड टेरेस म्हणून घर आहे, लिनली सँबोर्नचं. तो ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार, १८७५ पासून तिथे राहायचा. बाहेरून बघाल तर रांगेतलं साधं घर, पण आत शिरलं की भिंतच दिसत नाही एवढी चित्रं, फ्रेमला फ्रेम चिकटलेली.

आणि गंमत म्हणजे मूळच्या, विल्यम मॉरिस या नामवंत डिझायनरच्या वॉलपेपरवर त्याने नंतर चामड्यासारखा दिसणारा महागडा कागद लावला, पण चित्रांमागे लावलाच नाही, दिसणार कुणाला! पैसे वाचवायची ही युक्ती आपल्याकडच्या एखाद्या काकांना सुचली असती असं मला तेव्हा वाटून गेलं. आता सांगा, सगळं खरवडून नवा कागद लावला असता तर हे कळलं असतं का?

बाथरूममधल्या ज्या टबात तो फोटो डेव्हलप करायचा, तो संगमरवरी टबही अजून आहे.

घर टिकलं कारण पुढच्या पिढ्यांनी फारसा हात लावला नाही. नात अ‍ॅन, काउंटेस ऑफ रॉस, हिने जिवापाड जपलं, १९५८ ची व्हिक्टोरियन सोसायटी, म्हणजे त्या काळच्या इमारती वाचवणारी संस्था, तीसुद्धा याच घरातल्या बैठकांतून उभी राहिली. ते दिवस असे की व्हिक्टोरियन म्हटलं की लोक नाक मुरडायचे, पाडा म्हणायचे. १९८० मध्ये हे घर सरकारी मालकीचं झालं, सामानासकट. सामानासकट हे महत्त्वाचं, नुसत्या भिंती घेऊन काय करणार?