यंदाच्या आवडत्या यादीत छापील पुस्तकांचंच पारडं जड का?

पानखूण
वर्ष संपत आलं की आवडलेल्या पुस्तकांची आणि चित्रपटांची यादी करायची माझी सवय आहे. यंदा लक्षात आलं, की पुस्तकांच्या यादीत वरची सगळी नावं छापील प्रतींची आहेत. किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरही भरपूर वाचलं, पण त्यातलं फारसं मनात रेंगाळलं नाही. चित्रपटांचंही तेच. थिएटरात पाहिलेले मोजकेच, पण ते सगळे यादीत आले. फोन हाताशी ठेवून घरी पाहिलेले बहुतेक गळाले.

सर्वांत वर आहे एका शास्त्रज्ञ बाईंचं चरित्र. पुस्तकाच्या मधोमध आर्ट पेपरवर छायाचित्रं आहेत. ती आधीच चाळून झाली, त्यामुळे कॉलेजच्या दिवसांची प्रकरणं वाचताना त्यांचा म्हातारपणीचा चेहरा सतत डोळ्यांसमोर होता. मागच्या टिपांमध्ये एक बोट अडकवून ठेवायचं, टीप पाहायची, परत मजकुरावर यायचं. ई-पुस्तकात टिचकी मारून टीप उघडते, पण पुस्तकाच्या दोन जागा एकाच वेळी हातात असण्याचं सुख त्यात नाही. माझं ठाम मत आहे, गंभीर वाचन कागदावरच करावं.

रात्रवाचक
असहमत. कागदाला जे श्रेय देताय ते निवडीचं आहे. छापील पुस्तक आपण विचार करून घेतो आणि त्याला सवड काढतो. ई-पुस्तकं सवलतीत दिसली की ढिगाने उतरवून ठेवतो. मग आवडत्यांत छापील जास्त येणारच.

२०१८ मध्ये ५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, एकूण वाचक १,७०,००० हून अधिक. कागदावर आकलन थोडं सरस दिसलं, पण ते माहितीपर मजकुराचं, आणि वेळेचं बंधन असताना जास्त. निव्वळ कथात्मक मजकुरात फरक आढळला नाही. तेव्हा कादंबरी कागदामुळे जास्त भिडली, हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

निळी शाई
पानखूण यांना +१. मला मालकीचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. ज्याने त्या विक्रीला ठेवल्या त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बेझोस यांनी माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने वाचताना केलेली टिपणं पुस्तकाशिवाय निरुपयोगी झाली आणि तो कोर्टात गेला. कपाटातल्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं असं कुणाला काढून नेता येत नाही.

मात्र प्रकाशकांनीही बांधणीत कसूर करू नये. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेलं पुस्तक नीट उघडतं आणि टिकतं. नुसतं गोंदाने चिकटवलेलं कण्याशी तडकतं आणि पानं हातात येतात. हलक्या दर्जाचा कागद लाकडातल्या लिग्निन या घटकामुळे पिवळा पडतो तो वेगळाच. छपाईचं सुख हवं असेल तर त्यासाठी आग्रह धरायला हवा.

दूरची नजर
माझी दृष्टी अधू आहे. 'गंभीर वाचन कागदावरच' हे वाक्य मला टोचलं. मी यंदा जे काही वाचलं ते अक्षर मोठं करून, काळ्यावर पांढरं करून, किंवा फोनकडून वाचून घेऊन. यादी माझीही आहे, आणि त्यातली इतिहासाची दोन जाडजूड पुस्तकं गंभीरच आहेत. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी सुलभ प्रती करता याव्यात म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला. अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याची वाटही त्याने मोकळी केली. आमच्यासाठी हे फार मोठं आहे.

कवितेबाबत तुमचं ऐकेन. अक्षर मोठं केलं की ओळ भलतीकडेच तुटते आणि कवीचा थांबा हरवतो. त्याची मला दरवेळी हळहळ वाटते.

पानखूण
दूरची नजर, ज्यांना दोन्ही पर्याय खुले आहेत त्यांच्याबद्दलच मी बोलतेय. तुमच्या वाचनाला उणं लेखायचा हेतू नाही. रात्रवाचक, त्या विश्लेषणात आकलन मोजलंय. पुस्तक मनात किती दिवस राहिलं, ते पुन्हा उघडावंसं वाटलं का, हे नाही. मी यादी करते ती त्यावरूनच.

रात्रवाचक
मग माझ्या यादीतला पहिला चित्रपट ऐका: सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली', १९५५चा. मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधल्या एका फिल्म प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या ठिसूळ फितीला पुन्हा ओलावा देऊन जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं, स्कॅन केलं. जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे इतरत्र जपलेल्या प्रती वापरल्या. २०१५ मध्ये नवी डिजिटल प्रत लोकांसमोर आली. ती मी घरी पाहिली, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मनात राहायला एवढं पुरलं.

निळी शाई
पण स्कॅन करायला फीत उरली होती, आणि इतर प्रती कुणीतरी डब्यांत सांभाळल्या होत्या, म्हणूनच तो तुमच्या घरापर्यंत पोचला. डिजिटल प्रत सगळीकडे जाऊ द्या, पण कागद आणि फीत मोडीत काढायची घाई नको, एवढंच मी भांडतोय.