मदत हवी आहे : जैविक औषधावरचे संरक्षण भारतात नेमके कधी संपते, हे कसे शोधावे?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याच्या सांध्यांचा दाह) आहे. अडॅलिमुमॅब या जैविक औषधाचा (म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या औषधाचा) गुण येईनासा झाल्यावर डॉक्टरांनी त्याला सेक्युकिनुमॅब हे दुसरे जैविक औषध सुरू केले आणि सकाळी अंथरुणातून उठताना कंबर धरून बसून राहणे आता जवळजवळ थांबले आहे. औषध लागू पडले आहे. चिंता आहे ती दर महिन्याच्या इंजेक्शनच्या पेनचा खर्च पुढेही झेपेल का, याची. दादरच्या ज्या औषधविक्रेत्यांकडून आम्ही पेन घेतो, ते म्हणाले, "जानेवारी २०२७ पर्यंत कळ काढा, मग पेटंट संपेल आणि स्वस्त पेन येईल." या तारखेवर विसंबून घरचा हिशेब मांडावा का, हा माझा मूळ प्रश्न आहे.

माझ्या वाचनानुसार ही तारीख पेटंटची नाही आणि भारताचीही नाही. अमेरिकेत या औषधाला जानेवारी २०१५ मध्ये परवाना मिळाला आणि तिथल्या २०१० च्या कायद्यानुसार मूळ जैविक औषधाच्या पहिल्या परवान्यापासून १२ वर्षे त्याच्या बायोसिमिलरला (दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या, जवळजवळ तशाच औषधाला) मंजुरी देता येत नाही. ती मुदत संपली तरी पेटंटे आड येऊ शकतात : एटानरसेप्ट या आणखी एका जैविक औषधाच्या बायोसिमिलरला तिथे २०१६ मध्ये मंजुरी मिळूनही पेटंटांमुळे ते २०२९ पर्यंत अडले आहे. आपल्या कायद्यात अशी स्वतंत्र नियामक मुदत नाही, त्यामुळे येथे मुख्य अडथळा उरतो तो पेटंटाचा, आणि ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते. अडॅलिमुमॅबचे भारतीय बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्येच बाजारात आले, तर अमेरिकेतील रुग्णांना त्यासाठी जानेवारी २०२३ उजाडावा लागला. भावाने इतकी वर्षे उपचार घेतले ते या फरकाच्या जोरावरच. म्हणून तिकडची तारीख इकडे लावणे मला पटत नाही.

खरी अडचण शोधाची आहे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर औषधाच्या व्यापारी नावाने शोधून काही हाती लागत नाही, आणि 'आयएल-१७' (हे औषध शरीरातील ज्या दाहकारक प्रथिनाला अडवते ते) व 'प्रतिपिंड' (हे औषध ज्या प्रकारचे प्रथिन आहे ते) यांसाठीचे इंग्रजी शब्द घातले की इक्सेकिझुमॅबसारख्या त्याच गटातील दुसऱ्या औषधांचे अर्जही समोर येतात. शिवाय एकाच औषधाच्या रेणूवर, द्रावणाच्या घटकांवर आणि उत्पादनाच्या पद्धतीवर वेगवेगळी पेटंटे असू शकतात. कोणत्या औषधावर कोणती पेटंटे आहेत हे सांगणारी अधिकृत यादी आपल्याकडे नाही, आणि औषध नियंत्रक मंजुरी देताना पेटंट तपासत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१० मध्ये मंजुरी आणि पेटंट यांची सांगड घालण्यास नकार दिला होता. म्हणजे मंजुरीची बातमी आली तरी पेन दुकानात येईलच असे नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे : एखाद्या जैविक औषधाची सर्व भारतीय पेटंटे गोळा करण्यासाठी आंतरराष्ट्रीय अर्जाच्या (अनेक देशांत पेटंट मागण्यासाठी केलेल्या एकाच अर्जाच्या) क्रमांकावरून सुरुवात करणे योग्य ठरेल का? रेणूवरचे पेटंट संपल्यावर केवळ द्रावणावरच्या पेटंटामुळे बायोसिमिलर अडल्याची येथील उदाहरणे आहेत का, की कंपन्या द्रावण बदलून वाट काढतात? वार्षिक शुल्क न भरल्यामुळे पेटंट मुदतीआधीच संपल्याची नोंद दिसली, तर ते पुन्हा जिवंत करण्यासाठी असलेली १८ महिन्यांची मुदत उलटेपर्यंत थांबावे का? मुंबईतील अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात सामान्य माणसाला पेटंटांची नोंदवही पाहता येते का आणि त्यासाठी काय कागदपत्रे लागतात, हे कोणी स्वतः करून पाहिले असल्यास अवश्य लिहावे. औषध बदलण्याचा सल्ला नको आहे, तो निर्णय भावाचे डॉक्टरच घेतील.