मे महिन्यात मंडळीचं वनभोजन, उन्हाचं काय करायचं?

नगरी_पोरगा
सर्वांना सलाम. व्हीबीएस (पोरांची सुट्टीतली बायबल शाळा) संपली की आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, वनभोजन असतं, नगरपासून १२ किमीवर आमच्याच एका सभासदाच्या मळ्यात. साधारण १२० माणसं, त्यात तीसेक शब्बाथ शाळेची (संडे स्कूलची) पोरं आणि वीसेक म्हातारी माणसं. वर्षानुवर्षं एकच टाइमटेबल, १० ला उपासना, मग खेळ, १ ला मटण-भात. मागच्या वर्षी जेवणाच्या लाइनीत एक काकू ताटासकट खाली बसल्या, रस्सा सगळा पदरावर, आम्हाला वाटलं उपाशी असतील पण हात लावला तर अंग नुसतं भाजत होतं. पाणी ओतून वारा घातला तेव्हा कुठे नीट बोलायला लागल्या. यंदा तरुण संघाकडे सगळं आलंय न् सेक्रेटरी मी. पंच म्हणतात मांडव घाला, कूलर लावा, झालं. मला पटत नाहीये. संध्याकाळी ठेवलं तर?

सिस्टर_ताई
मी नर्स आहे म्हणून स्पष्ट बोलते, ती चक्कर नव्हती, उष्माघाताचीच सुरुवात होती, थोडक्यात वाचल्या त्या. अंग तापलेलं आणि माणूस बरळायला लागलं की तिथल्या तिथे पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन, "बघू जरा वेळ" करायचं नाही. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून छातीत जातं. मांडवाचे पडदे सोडले की आत भट्टी होते आणि एवढ्या गर्दीत कूलरने दमटपणाच वाढतो. म्हाताऱ्यांपैकी बरेच जण बीपीसाठी लघवीच्या गोळ्या घेतात, त्यांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं, आणि सारखं जायला लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, तर आधी बाथरूमची सोय बघा. ओआरएसची पाकिटं ठेवा, नसतील तर लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात दुपारच्या उन्हात माणसं दगावली, ते पंचांना आठवण करून द्या.

वळीव_खाल्लेला
संध्याकाळी अजिबात नको दादा! आम्ही तेच केलं होतं, साडेपाचला पश्चिमेकडून आभाळ काळं झालं, आधी धुरळा, मग मांडव चार काठ्यांसकट उसात, आणि विजा कडाडायला लागल्या तशी सगळी पोरं चिंचेखाली पळाली, म्हणजे नेमकं जिथे जायचं नाही तिथेच. वळीव दुपारनंतरच गाठतो. तरी संध्याकाळच धरायची असेल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप टाकून ठेवा, आणि पक्कं घर नाहीतर बंद गाड्या जवळ पाहिजेत.

मळेवाली
मग सकाळी करा ना. साडेसहाला उपासना, आठला खेळ, साडेनऊला जेवण, साडेदहाला सगळे घरी. मटण सुटत नसेल (सुटणार नाहीच, नगरच आहे ते) तर चारला चुली पेटवा आणि गरमागरम वाढा, तसंही सकाळचं शिजवलेलं एक वाजेपर्यंत उन्हात ठेवणं चांगलं नाही. बर्फ गोळेवाल्याकडचा आणू नका, माठ भरा. आणि उन्हापेक्षा मला मळ्याचीच जास्त भीती वाटते, तिथे शेततळं आहे का? त्या प्लास्टिकच्या कागदावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, पाय सटकतो. गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा, आणि एक मोठं माणूस तिथेच बसवा, मोबाइल काढून घेऊन. वडा-पिंपळावर आग्या मोहोळ असेल तर चूल लांब, धूर गेला की संपलं.

नगरी_पोरगा
शेततळं आहे, मोहोळ पण आहे, तेही वडावर जिथे आचारी दरवर्षी चूल मांडतो!! एवढी वर्षं कसे वाचलो देव जाणे. काल मीटिंग झाली, सकाळचं म्हटल्यावर एक पंच उसळले, साडेसहाला येणार कोण म्हणे. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, ईस्टरला पहाटे पाचला येताच की, तेही मटण नसताना. झालं, पास. दोर मी आणतोय, चूल विहिरीच्या पलीकडे. मोबाइल काढून घ्यायला मात्र अजून कुणी तयार नाही.