इंजिन बदललं, आता क्लच सुटत नाही

हर्णैची बग्गी:
सांगाडा घरीच वेल्ड केलेला. यंदा इंजिन दुसऱ्या गाडीचं चढवलं, क्लचसकट. गिअरबॉक्स, पेडल, क्लचचे तेलाचे सिलिंडर (वरचा पेडलचा, खालचा क्लच ढकलणारा) जुनेच. इंजिन बंद असलं की गिअर लोण्यासारखे पडतात. चालू केलं की पेडल तळाला टेकवूनही रिव्हर्स करकरतो. तीनदा क्लचच्या तेलातली हवा काढली. बंदराच्या उतारावर फजिती होते, मासेवाल्या मावश्या हसतात.

खेडचा गॅरेजवाला:
पावसाळाभर उभी होती काय? खाऱ्या हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. नसेल तर प्लेट उलटी बसली का बघा. आणि क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग? ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर घट्ट असेल तर क्लच सुटूनही शाफ्ट फिरतच राहतो.

मालवणचो:
बॉक्स उतरवायची घाई करू नका हो! आधी खालच्या सिलिंडरचा दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजा.

हर्णैची बग्गी:
जेमतेम 8 मिमी.

मालवणचो:
थयंच घोळ आसा. या क्लचला तेवढं पुरत नाही. वरचा मास्टर सिलिंडर पाच सूत (5/8 इंच) व्यासाचा असेल, सहा सुताचा लावा. तेवढ्याच पेडलला 44 टक्के जास्त तेल ढकलतो. पेडल जड होईल मात्र.

हर्णैची बग्गी:
लावला. दांडा साडेअकरा सरकतो, रिव्हर्स गुपचूप पडतो. पाय भरून येतो, पण मावश्या आता हसत नाहीत.