मदत हवी आहे: पोटॅश खतातले बीटा आणि गॅमा वेगळे कसे दाखवू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. किरणोत्सारी पदार्थातून निघणाऱ्या बीटा आणि गॅमा किरणांतला फरक पोरांना डोळ्यांसमोर दाखवायचा आहे. प्रयोगशाळेतला किरणोत्सारी स्रोत मिळणं शक्य नाही, म्हणून कृषी केंद्रातून लाल पोटॅश आणलं. त्यातलं पोटॅशियम-40 (पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार) सुमारे 89 टक्के वेळा बीटा सोडतं, बाकी बहुतेक वेळा गॅमा.

गायगर काउंटर (किरण पकडले की टकटक करणारं यंत्र) उसना आणलाय. त्याची नळी धातूची, त्यामुळे अल्फा (तिसऱ्या प्रकारचे किरण) आत शिरतच नाहीत. तो भाग सोडून दिला. पातळ पन्नीतलं पोटॅश नळीला टेकवलं की टकटक स्पष्ट वाढते. मध्ये वहीचा कागद धरला तर काही फरक नाही. जुन्या जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) परातीचा पत्रा, साधारण 1 मिलिमीटरचा, घातला की बरीच कमी होते, पण खत नसतानाच्या पातळीवर येत नाही. अंतर तेच ठेवलं, दरवेळी दहा मिनिटं मोजलं. शिसं मुद्दाम टाळलं, कारण त्यात बीटा अडले की क्ष-किरण निघतात आणि पोरांचा गोंधळ उडेल.

अशी नळी गॅमा फार कमी पकडते, म्हणून शंका येते: उरलेली टकटक गॅमाची, की पत्र्यातून निसटलेल्या बीटाची? पोटॅशियम-40 चा जास्तीत जास्त 1.31 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा बीटा पूर्ण अडवायला जर्मनचा पत्रा किती मिलिमीटर लागेल?